स्टीम की एपिक? आधी लॉबी भरेल का ते बघा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचे चौघे मित्र दीड वर्षापासून पीसीसाठी शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम, बनवतायत. पाच विरुद्ध पाच, सहा मोड (खेळायचे प्रकार), आठ मॅप, नऊ पात्रं. गेम फुकट द्यायचा आणि स्किन, म्हणजे पात्रांचे आणि बंदुकांचे सजवलेले पोशाख, विकायच्या असा बेत आहे. पीसी गेमची ऑनलाइन दुकानं मुख्यतः दोन, स्टीम आणि एपिक. त्यांचं म्हणणं असं की स्टीम विक्रीतले तीस टक्के कापतं आणि एपिक बाराच, मग सरळ एपिकवर का जाऊ नये? दुसरी शंका गोळ्यांची. काउंटर-स्ट्राइकसारखा एका गोळीत माणूस आडवा व्हावा, की एपेक्ससारखा अर्धं मॅगझिन रिकामं झाल्यावर?

मी चौदा वर्षं मल्टिप्लेअर गेमचा नेटवर्कचा भाग लिहितोय, आणि मला हे दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले दिसतात. मंगळवारी दुपारी तीन वाजता तुमच्या गेममध्ये किती माणसं असतील, या आकड्यावर दोन्हींची उत्तरं ठरतात. शनिवारी रात्री कुठलाही गेम बरा दिसतो.

आधी पैशाचं बघू, कारण ते सोपं आहे. स्टीम २००३ च्या सप्टेंबरमध्ये आलं आणि तीस टक्क्यांचा दर तिथं रूढ झाला. २०१८ च्या अखेरीस स्टीमची मालक कंपनी व्हॉल्वनं त्यात पायऱ्या केल्या: १ कोटी डॉलरच्या पुढच्या विक्रीवर २५ टक्के, ५ कोटींच्या पुढे २० टक्के. म्हणजे मोठ्यांना सवलत, तुम्हाआम्हाला तीसच. त्याच डिसेंबरात एपिकनं १२ टक्क्यांवर दुकान उघडलं. जून २०२५ पासून तर प्रत्येक गेमच्या वर्षाला पहिल्या १० लाख डॉलरवर एपिक काहीच घेत नाही. फुकट गेमवाल्यांसाठी तिथं आणखी एक सोय आहे. गेमच्या आतली विक्री तुम्ही स्वतःच्या पेमेंट व्यवस्थेतून केलीत तर त्यातला वाटाही एपिक मागत नाही. स्टीमवर मात्र आतली खरेदी त्यांच्या वॉलेटमधूनच जाते.

कागदावर एपिक जिंकलं. आता हिशोब करा, सोपा पडावा म्हणून गेम विकत दिलाय असं धरून. चारशे रुपयांच्या गेमच्या हजार प्रती स्टीमवर गेल्या तर कर वगैरे सोडून चार लाख जमा होतात, त्यातले एक लाख वीस हजार स्टीमचे, दोन लाख ऐंशी हजार तुमचे. तेवढेच पैसे एपिकवर कमवायला सातशे प्रती खपायला हव्यात. नवख्या, अनोळखी शूटरच्या त्या खपतील का? मला शंका आहे. एपिकवर बरीच माणसं दर गुरुवारचा फुकट गेम उचलायला येतात किंवा एपिकचाच फोर्टनाइट उघडायला. त्यात गैर काही नाही, पण दुकानात रेंगाळून नवं काही शोधण्याची सवय स्टीमच्या गिऱ्हाइकाला जास्त आहे. एकाच वेळी ४ कोटींहून जास्त माणसं जोडलेली असण्याचा टप्पा स्टीमनं २०२५ मध्ये ओलांडला.

शूटरला या गर्दीपेक्षाही फ्रेंड लिस्ट जास्त उपयोगी पडते. कोपऱ्यात छोटी पट्टी येते, ‘अमुक मित्र हा गेम खेळतोय’, आणि त्यावर क्लिक केलं की थेट त्याच्या लॉबीत, म्हणजे मॅचआधी खेळाडू जमतात त्या जागी. एकट्यानं खेळायच्या गेमला याचा फारसा फरक पडत नाही. तुमच्या गेममध्ये मात्र पाचजणांची टीम जमवायची आहे, आणि ती टीम आधीच कुठल्या तरी यादीत बसलेली असते. बऱ्याचदा ती यादी स्टीमचीच असते. मोठमोठ्यांनीही हे अनुभवलंय. एपेक्स लेजेंड्स २०१९ च्या फेब्रुवारीत ईए कंपनीच्या स्वतःच्या ओरिजिन या दुकानावर आला आणि २०२० च्या नोव्हेंबरात स्टीमवर पोचला. ब्लिझर्डचा ‘ओव्हरवॉच २’ हा गेमही ऑगस्ट २०२३ मध्ये स्टीमवर आला. युबिसॉफ्ट कंपनीचा एक्सडिफायंट हा शूटर मे २०२४ मध्ये आला, पीसीवर फक्त त्यांच्याच लाँचरमधून (कंपनीच्या स्वतःच्या दुकानातून), आणि ३ जून २०२५ ला बंद झाला. स्टीमवर नव्हता म्हणूनच मेला असं मी म्हणणार नाही, कारणं बरीच होती. पण त्या अडचणीत आणखी एक दार बंद ठेवण्याची चैन युबिसॉफ्टलाही परवडली नाही, मग तुम्हाला कशी परवडेल? फोर्टनाइट आणि व्हॅलोरंट स्टीमशिवाय मजेत चालतात हे खरं, पण त्यांचं नाव ऐकून माणसं शोधत येतात. तुमचं नाव अजून कुणी ऐकलेलं नाही.

आता तो मंगळवार. समजा गेम बरा चालला आणि जगभरात एका वेळी दोनशे माणसं खेळतायत. चौघांच्या टीमसाठी हा आकडा अभिमानाचा आहे. ही दोनशे माणसं भारत, युरोप आणि अमेरिका अशा तीन प्रदेशांत वाटली की प्रत्येकी सदुसष्ट. तुमचे मोड सहा. त्यातले दोनच लोकप्रिय झाले असं धरलं तरी एका मोडला तेहतीस. त्यात रँक ठेवलीत आणि नवखे, मधले, मुरलेले असे तीनच गट केलेत तर हातात उरतात अकरा. सामन्याला लागतात दहा. म्हणजे जेमतेम एका मॅचची माणसं. अकरावा बिचारा ‘खेळाडू शोधत आहे’ या गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या एका गेमला, नाव राहू दे, चार मोड होते. पहिल्या आठवड्यात कौतुक झालं. तिसऱ्या आठवड्यात मी सर्व्हरचा लॉग उघडला तर चारही मोडच्या रांगेत प्रत्येकी सहा-सात माणसं उभी होती. सगळी एका रांगेत असती तर तीन मॅच झाल्या नसत्या, पण दोन नक्की झाल्या असत्या. त्या दुपारी एकही झाली नाही. दोन मोड काढून टाकायला आम्हाला आणखी महिना लागला, कारण ज्यानं ते बनवले होते तो शेजारच्याच खुर्चीवर बसायचा.

म्हणून सहातले पाच मोड बाजूला ठेवा. रागवा, पण ठेवा. आठ मॅपपैकी तीन निवडा. लोकांनी काउंटर-स्ट्राइकचा डस्ट-२ हा एकच मॅप वीस-वीस वर्षं खेळलाय, मॅप कमी पडले म्हणून कुणी गेम सोडत नाही. आणि बॉट, म्हणजे कॉम्प्युटरनं चालवलेले खेळाडू, बनवा, चांगले बनवा. नाशिकच्या ज्या सायबर कॅफेंत तुमच्या मोठ्या भावांनी वीस रुपये तासानं काउंटर-स्ट्राइक १.६ खेळला असेल, तिथं दुपारी चारच पोरं असली तर उरलेल्या जागा पॉडबॉट नावाच्या बॉटनं भरलेल्या असायच्या. पोरं बॉटना शिव्या घालत, पण खेळ थांबत नसे.

दुकानाचा आणखी एक नियम थेट डिझाइनमध्ये शिरतो आणि त्याकडे फार कमी लोक बघतात, तो म्हणजे रिफंड. जून २०१५ पासून स्टीमवर विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मिळतात. एपिकचा नियमही जवळजवळ तोच. जीओजी हे तिसरं दुकान ३० दिवस देतं, अगदी खेळलात तरी. पण हे दोन तास कोण मोजतं? गेम चालू असल्याचं घड्याळ. मेन्यूत घालवलेला वेळ त्यात येतो, रांगेत उभं राहिलेला वेळही येतो. तेरा राउंड जिंकायची मॅच पस्तीस-चाळीस मिनिटं चालते. पंधरा मिनिटं सेटिंग, दहा मिनिटं रांग, एक मॅच, त्यात सणकून हार, पुन्हा दहा मिनिटं रांग, आणि दुसऱ्या मॅचच्या मध्यावर गिऱ्हाईक घड्याळ बघून ठरवतं. तुमच्या गेमचा निकाल त्याच्या दीड मॅचवर लागला. म्हणून पहिली मॅच छोटी हवी, सात-आठ मिनिटांची, निम्मे बॉट असलेली, आणि त्यात नवख्याला एक तरी हेडशॉट मिळेल अशी. याला कुणी लबाडी म्हणेल, मी पाहुणचार म्हणतो.

गेम फुकट असेल तर रिफंडचा प्रश्नच नाही असं म्हणाल. बरोबर, पण मग दुसरी दोन दुखणी येतात. फुकट गेमला आपली बरोबरी व्हॅलोरंटशी आणि काउंटर-स्ट्राइक २ (सीएस २) शी करावी लागते. तेही फुकट आहेत आणि त्यांच्यामागे मोठ्या कंपन्या उभ्या आहेत. (उलट बाजूही आहे. सोनीचा कॉन्कॉर्ड हा शूटर ऑगस्ट २०२४ मध्ये ४० डॉलरला आला, स्टीमवर एका वेळचा त्याचा उच्चांक सातशेच्याही खाली राहिला, आणि दोन आठवड्यांत तो बंद करून सगळ्यांना पैसे परत करावे लागले. फुकट स्पर्धकांसमोर मोठी किंमत लावायला काहीतरी वेगळं दाखवावं लागतं.) दुसरं दुखणं चीटरचं, म्हणजे फसवे प्रोग्राम लावून खेळणाऱ्यांचं. फुकट गेममध्ये बॅन केलेला माणूस पाच मिनिटांत नवं खातं काढून परत येतो. साडेतीनशे रुपयांची किंमत ही चौघांच्या टीमला परवडणारी सगळ्यात स्वस्त अँटी-चीट (चीटर रोखणारी यंत्रणा) आहे. रुपयातली किंमत मात्र स्वतः ठरवा, डॉलरचं थेट रूपांतर ठेवू नका. स्टीमवर रुपयात विक्री २०१५ पासून होते, आणि इथल्या गिऱ्हाइकाला चारशे आणि बाराशे यांतला फरक चांगला कळतो.

आता गोळ्यांचं, जिथं मला खरा रस आहे.

एका गोळीत मारणाऱ्या गेमला टीटीके कमी आहे असं म्हणतात, म्हणजे पहिली गोळी लागल्यापासून मरेपर्यंतचा वेळ. काउंटर-स्ट्राइकमध्ये एके-४७ ची एक गोळी हेल्मेटवर बसली तरी माणूस मरतो. एम४ नं तेवढ्यात मरत नाही, दुसरी गोळी लागते. ही छोटी विषमता मुद्दाम ठेवलेली आहे आणि तिच्यावर अख्खा गेम उभा आहे, कारण एके फक्त टेररिस्ट टीमला विकत मिळते, गेममधल्या २,७०० डॉलरला. दुसऱ्या बाजूला ती हवी असेल तर मेलेल्याच्या हातून उचलावी लागते. पहिल्या राउंडला हातात ८०० असतात, म्हणजे पिस्तूल आणि थोडंफार. राउंड हरल्यावर कमीत कमी १,४०० मिळतात, हरतच गेलात तर ३,४०० पर्यंत. म्हणून टीम ठरवून एखादा राउंड ‘इको’ खेळते, पैसे साठवते. त्याच मॅपवर, त्याच बंदुकांनी, प्रत्येक राउंड वेगळा होतो तो या पैशांमुळे. नवे मॅप बनवायला माणसं नसलेल्या टीमसाठी यासारखी युक्ती नाही. एक तक्ता लिहिलात की शंभर राउंडांचं वैविध्य मिळालं.

पण कमी टीटीकेची किंमत नेटवर्क वसूल करतं. एक प्रसंग घेऊ. तुम्ही भिंतीच्या कोपऱ्याकडे नेम धरून उभे आहात. समोरचा धावत कोपऱ्यातून बाहेर येतो. दोघांचं पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, ४० मिलिसेकंद. तो त्याच्या स्क्रीनवर बाहेर आला त्या क्षणी त्याला तुम्ही दिसलात, कारण तुम्ही स्थिरच होता. तुम्हाला तो कधी दिसणार? त्याची हालचाल सर्व्हरला पोचायला २०. सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा जगाचा हिशोब करतो, म्हणजे पुढच्या हिशोबापर्यंत जास्तीत जास्त १६. तिथून तुमच्यापर्यंत २०. शिवाय हालचाल धक्के न खाता दिसावी म्हणून तुमचा कॉम्प्युटर दोन हिशोब मागे राहून चित्र काढतो, ते ३१. बेरीज ऐंशीच्या पुढे गेली. माणसाला दिसल्यावर बोट दाबायला दोनशे-अडीचशे मिलिसेकंद लागतात, त्यातले ऐंशी समोरच्याला फुकट मिळाले. याला पीकर्स अ‍ॅडव्हांटेज म्हणतात. ‘मी भिंतीमागे गेलो होतो तरी मेलो’ ही तक्रार यातूनच येते, आणि ती करणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या स्क्रीनवर तो खरोखरच भिंतीमागे होता. मारणाऱ्यानं ट्रिगर दाबला तेव्हा त्याच्या स्क्रीनवर काय दिसत होतं, ते सर्व्हर काळ मागे नेऊन तपासतो आणि गोळी मान्य करतो.

रायट कंपनीनं २०२० मध्ये आपल्या व्हॅलोरंटसाठी १२८ टिकचे, म्हणजे सेकंदाला १२८ हिशोब करणारे, सर्व्हर लावले ते याच ऐंशीला कात्री लावायला. व्हॉल्वनं सीएस २ मध्ये सब-टिक आणलं, म्हणजे दोन हिशोबांच्या मधे नेमक्या कुठल्या क्षणी क्लिक झालं तेही नोंदवायचं. एपेक्सचे सर्व्हर मात्र सेकंदाला वीसच वेळा हिशोब करतात. वरच्या गणितात १६ च्या जागी ५० आणि ३१ च्या जागी १०० घाला, उशीर दीडशे-दोनशेच्या घरात जातो. तरी एपेक्स चालतो. का? कारण तिथं आधी शील्ड फोडायची, मग आरोग्य संपवायचं. पहिल्या गोळीनंतरही तुमच्याकडे वळायला, पळायला, दार लावायला वेळ असतो. उशीर तेवढाच असतो, पण त्यानं तुमचा जीव लगेच जात नाही. एका सर्व्हरवर साठ माणसं असताना हा शहाणपणाचा सौदा आहे.

तुमचं गिऱ्हाईक कुठं बसलंय? मुंबईत सर्व्हर ठेवलात तर नाशिक-पुण्याच्या पोराला पिंग सुरेख मिळेल. पण रांग भरत नाही म्हणून तुम्ही त्याला सिंगापूरच्या सर्व्हरवर ढकलाल तेव्हा काय होईल? आणि तुम्ही ढकलालच, कारण वर अकराचं गणित केलंय. तिथं एका गोळीत मरणारा गेम अन्यायकारक वाटायला लागतो. माझा सल्ला मधला आहे. चिलखत घातलेल्या माणसाला मारायला अंगावर तीन-चार गोळ्या लागू द्या, डोक्यात दोन. एका गोळीत मारणारी एकच बंदूक ठेवा, महाग, आणि स्कोपशिवाय (बंदुकीवरच्या दुर्बिणीशिवाय) निकामी. पळताना नेम विस्कटू द्या, म्हणजे कोपऱ्यातून धावत बाहेर येणाऱ्याला मिळालेले ते ऐंशी मिलिसेकंद त्याला थांबण्यात खर्च करावे लागतील. काउंटर-स्ट्राइकनं हा तोल असाच साधलाय: पीकरला आधी दिसतं, पण पळता पळता अचूक मारता येत नाही.

नऊ पात्रांबद्दल फार बोलत नाही. नऊ जणांच्या चार-चार करामती म्हणजे छत्तीस, आणि त्यांच्या जोड्या तपासायच्या तर सहाशेवर जातात. चौघांनी तीन पात्रं करावीत, आणि ती सावलीवरून ओळखता आली पाहिजेत. टीम फोर्ट्रेस २ मध्ये २००७ साली हे जसं केलं तसं आजही कुणाला जमत नाही. अंधारात नुसती आकृती दिसली तरी त्यातलं हेवी हे पात्र आलं की स्काउट ते कळतं.

नेटवर्कचं सामान विकत घेऊ नका. एपिकच्या ऑनलाइन सर्व्हिसेस फुकट आहेत, त्यात लॉबी आहे, व्हॉइस आहे, ईझी अँटी-चीट आहे, आणि त्या स्टीमवरच्या गेममध्येही वापरता येतात. म्हणजे दुकान व्हॉल्वचं, प्लंबिंग एपिकचं. यात कुणी कुणाला नाराज करत नाही. पुढे एपिकवरही गेलात तर हे कामी येईल, कारण एपिकची अटच आहे की मल्टिप्लेअर गेममध्ये इतर पीसी दुकानांतल्या खेळाडूंशी क्रॉसप्ले, म्हणजे एकत्र खेळता येणं, हवंच. मला ही अट फार आवडते. तुमची दोनशे माणसं दुकानांच्या भिंतींनी आणखी चिरली जात नाहीत.

स्टीमची एक बाजू मात्र तुम्हाला टोचेल. तिथं किती माणसं खेळतायत हे कुणालाही दिसतं. एपिकवर दिसत नाही. आकडा पन्नासवर आला की ‘डेड गेम’ असं कुणी तरी लिहितोच, आणि ते वाचून पन्नासचे तीस होतात. रिव्ह्यूचंही तसंच. एपिक दोन तासांहून जास्त खेळलेल्यांतल्या काहींनाच अधूनमधून मत विचारतं, स्टीमवर घेणारा प्रत्येकजण चार शब्द लिहू शकतो. मे २०२४ मध्ये सोनीच्या ‘हेलडायव्हर्स २’ या गेमला प्लेस्टेशनचं खातं सक्तीचं होणार म्हटल्यावर काही दिवसांत लाखाहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू पडले आणि सोनीला माघार घ्यावी लागली. तरीही मी हा टोचणारा आरसाच निवडेन. आमच्या त्या फसलेल्या गेमचं नेमकं दुखणं मला पहिल्यांदा कळलं ते एका शिवराळ स्टीम रिव्ह्यूमधून. ‘चार दरवाजे आणि चारही बंद,’ असं त्यानं लिहिलं होतं. आम्ही महिनाभर ग्राफ काढत बसलो होतो.

लॅनवर (इंटरनेटशिवाय, जवळच्या कॉम्प्युटरच्या जाळ्यावर) खेळायची आणि खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवायची सोय पहिल्या दिवसापासून द्या. तुम्ही दमलात, पैसे संपले, तरी गेम माणसांच्या हातात राहतो. एपिकनं स्वतःची अनरिअल टूर्नामेंट मालिका २०२२ च्या अखेरीस दुकानांतून काढली आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्व्हर बंद केले. जुन्या भागांवर लोक आजही खेळतात, कारण तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे सर्व्हरचा प्रोग्राम खेळाडूंकडेही दिलेला होता.

माझ्या म्हणण्याला छेद देणारं एक उदाहरण आहे आणि ते लपवणं बरं नाही. बॅटलबिट रीमास्टर्ड हा शूटर मुख्यतः तिघांनी बनवला. ठोकळ्यांची चित्रं, किंमत १५ डॉलर, आणि एका मॅचमध्ये २५४ माणसं. माझ्या गणितानुसार तो पहिल्याच दिवशी मरायला हवा होता. जून २०२३ मध्ये तो स्टीमवर आला आणि एका वेळी ८० हजारांहून जास्त लोक खेळले. त्यांनी काय केलं? आधी कित्येक वर्षं ठरावीक वेळांना प्लेटेस्ट, म्हणजे लोकांना बोलावून चाचणीचे खेळ, घेतल्या. आठवडाभर दार उघडं ठेवून चार माणसं बसवण्यापेक्षा ठरलेल्या वेळीच उघडायचं आणि सगळ्यांना एकदम आत घ्यायचं. म्हणजे मंगळवारचा प्रश्न त्यांनी मंगळवारच रद्द करून सोडवला. पुढे त्यांचे अपडेट रखडले आणि गर्दी ओसरली तो भाग वेगळा.

तेवढं तरी त्यांच्याकडून घ्या. १०० डॉलर भरून स्टीमवर जागा घ्या. हजार डॉलरची विक्री झाली की ते परत मिळतात. फी भरल्यापासून तीस दिवस गेम काढता येत नाही, आणि ‘लवकरच’चं पान किमान दोन आठवडे आधी लावावं लागतं, पण तुम्ही ते सहा महिने आधी लावा. त्या पानावर प्लेटेस्टचं बटण चालू करा. दर शनिवारी रात्री नऊ ते अकरा, एक मोड, दोन मॅप, सर्व्हर मुंबईचा. पहिल्या शनिवारी चौघं तुम्ही, चार बॉट आणि दोन चुलतभाऊ असाल. चुलतभावांना माइक बंद ठेवायला सांगू नका, ते काय ओरडतात ते लिहून घ्या.